सात निळे फ्यूज

आमच्या जुन्या गाडीत दहा फ्यूज होते. सात निळे, दोन लाल, एक पांढरा. हे मी आठवणीतून सांगत नाही, त्या रविवारी एकेक बघून लिहून घेतलं होतं. चूक त्या लिहून घेण्यातच झाली, पण त्यासाठी आधी ह्यांच्याबद्दल सांगायला हवं.

दीड वर्षापूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही, आणि बोलणं तीन-चार शब्दांवर येऊन थांबलं. त्यातला सगळ्यात जास्त वापरातला शब्द ‘नको’. जेवण वाढलं की नको, गोळी पुढे केली की नको. टीव्ही लावला तरी नको आणि बंद केला तरी नको. फिजिओथेरपीला येणारी मुलगी सांगायची, "काका, रोज चालायचंच. बसून राहिलात तर आहे तो पायही जाईल." काका तिच्याकडे बघून म्हणायचे, नको.

एका गोष्टीसाठी मात्र ते आपणहून उठायचे. संध्याकाळी पाच वाजले की काठी घ्यायचे आणि दाराकडे तोंड करून उभे राहायचे. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली, लिफ्टपासून इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यातल्या गाडीपर्यंत त्रेसष्ट पावलं, ड्रायव्हरच्या सीटवर पंधरा मिनिटं, मग परत त्रेसष्ट पावलं. दिवसभरात ह्यांचं चालणं तेवढंच. मुलगी म्हणाली, "काकू, तेवढं पुरे आहे, पण ते बंद पडू देऊ नका." मी ते फ्रिजवरच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं.

गाडी म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, आता टॅक्सी म्हणूनसुद्धा कुठे दिसत नाही अशी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ह्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. लालबागची खोली सोडून शांती नगरला आलो तेव्हा आमचं निम्मं सामान तिच्यातून आलं. गाडी शिकवताना हे माझ्यावर ओरडले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाकी बाबतीत ओरडायचे. झटका आल्यापासून ती जागेवरून हललेली नव्हती.

मग सोसायटीची नोटीस आली. बंद असलेल्या आणि कागदपत्रं संपलेल्या गाड्या एक तारखेपर्यंत आवारातून काढाव्यात. मी सेक्रेटरींना गेटवर गाठलं.

"भाभी, पर्सनल काही नाही," ते म्हणाले. "जनरल बॉडीत ठरलंय. लोकांना नवीन गाड्या लावायला जागा नाय."

"कागद रिन्यू करून आणले तर?"

"तर राहू दे ना, अजून तीस वर्षं राहू दे. मला काय, माझी तर स्कूटर आहे."

म्हणजे प्रश्न सरळ होता. आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली तर ती राहणार, आणि ती राहिली तर हे खाली उतरणार. मी तपासणीची तारीख घेतली. मेकॅनिकने टाकी साफ केली, नवी बॅटरी बसवली, आणि इंजिन दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झालं. हे शेजारी उभे होते. डावा हात बॉनेटवर ठेवून तो थरथराट संपेपर्यंत त्यांनी काढला नाही.

पण डावा मोठा दिवा लागेना, हॉर्न वाजेना, ब्रेकचे दिवे मधूनच लागत, वायपर मेलेला. मेकॅनिक म्हणाला, इलेक्ट्रिकचं काम माझं नाही. वीस वर्षं आमच्या गाडीचं वायरिंग बघणारे इलेक्ट्रिशियन नवघरचे. त्यांना फोन केला तर मागे बँजो वाजत होता.

"पुतनीचा लगीन हाय, ताई. हलद झाली, लगीन झाला, पूजा झाली का येतो. धा दिवस द्या."

तपासणीला अजून सतरा दिवस होते. म्हणजे थांबता आलं असतं. पण कुठलीही ओळ यादीत दहा दिवस तशीच पडून राहिली की मला झोप लागत नाही, हा माझा स्वभाव. फ्यूज बदलणं म्हणजे काय, गंजलेला काढायचा आणि नवा घालायचा. मी स्वतःच करायचं ठरवलं.

रविवारी सकाळी ह्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली उतरलो. आधी बॅटरीची तार काढली. मग स्टीअरिंगखालचं फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. हल्लीच्या गाड्यांतले फ्यूज प्लॅस्टिकचे, चपटे, दोन पायांचे असतात. हे तसे नव्हते. चिनीमातीची बोटाच्या पेरापेक्षा लहान कांडी, दोन्ही टोकं निमुळती, आणि अंगावरच्या खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली धातूची उघडी पट्टी. दोन पितळी क्लिपांच्या चिमटीत ती कांडी धरलेली. जास्त करंट आला की पट्टी वितळते आणि पुढची वायर वाचते. कांडीचा रंग म्हणजे तिची ताकद: पांढरी आठ अँपिअर, लाल सोळा, निळी पंचवीस. हे मी आदल्या दिवशी वाचून वहीत उतरवलं होतं.

खाडीवरून आणि मिठागरांवरून येणारी हवा आमच्याकडे खिडक्यांच्या बिजागऱ्यासुद्धा खाते, इथे तर उघडं पितळ होतं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की जसं कळकतं तशा त्या क्लिपा कळकल्या होत्या. वर हिरवट बुरा, आणि फ्यूजच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी. एक कांडी काढताना क्लिपचा कानच तुटून हातात आला.

मी एका औषधांच्या कंपनीत स्टोअर्स बघते. वर्षातून एकदा मालाची मोजणी असते आणि तिचा एकच नियम: फळीवर जे दिसेल ते लिहायचं. काय असायला हवं ते लिहायचं नाही. जो असायला हवं ते लिहितो तो कुणाची तरी चोरी झाकतो, असं माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं आणि सव्वीस वर्षं मी ते पाळलं. इथेही तेच केलं. डबीचं चित्र काढलं, एक ते दहा आकडे घातले, प्रत्येकासमोर रंग लिहिला. निळा, निळा, लाल, निळा.

हे खुर्चीतून वाकून बघत होते. डाव्या हाताचं बोट वहीवर ठेवून म्हणाले, "नको."

"काय नको? फ्यूज नको?"

"नको." बोट दुसऱ्या ओळीवर. "नको. नको."

"अहो, तुम्हाला गाडी हवीय ना? मग जरा शांत बसा."

समोरच्या विंगमधल्या बाई पिशवी घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "काय वहिनी, साहेबांना रिटायर करून तुम्हीच गॅरेज टाकलं की काय?"

"टाकलंय. स्कूटी घेऊन या."

त्या हसल्या. हे हसले नाहीत. अजून वहीकडेच बघत होते.

भाईंदर पूर्वेला स्पेअर पार्टचं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीने भरलेला पुठ्ठ्याचा खोका काढला.

"मॅडम, हे तर म्युझियममध्ये द्यायचं सामान. अल्युमिनियमचे घेऊ नका, तांब्याची पट्टीवाले घ्या, गंज कमी येतो. कोणते देऊ?"

मी यादी पुढे केली. त्याने चष्मा वर केला.

"निळे सात? पक्कं?"

"गाडीत आहेत तेच लिहिलेत."

"मग घ्या. गाडी तुमची."

त्या ‘गाडी तुमची’मध्ये शंका होती, पण माझं उत्तर तयार होतं. पुड्यावर मी तिथेच पेनने संख्या घातली.

दुपारभर क्लिपा घासल्या. पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून आत फिरवली, कान कोरायच्या काडीवर स्पिरिट घेऊन बुरा पुसला, सैल पडलेल्या क्लिपा पकडीने जवळ आणल्या. तुटलेल्या क्लिपच्या जागी दुकानदाराने दिलेली दुसरी बसवली. तीन तासांनी पितळ देवघरातल्या समईसारखं दिसायला लागलं. मग चित्रात बघून एकेक नवा फ्यूज आपापल्या जागी बसवला. निळ्याच्या जागी निळा.

बॅटरी जोडली. हॉर्न वाजला. दोन्ही दिवे लागले, ब्रेकचे लागले, साइडचे लागले. वायपर निम्म्यापर्यंत गेला, थांबला आणि रखडत परत आला. मी लिहिलं, वायपर: हळू. दीड वर्ष बसून आहे, होईल मोकळा, असं वाटलं.

मी सामान आवरत असताना ह्यांनी कसाबसा डावा हात आत घालून एक फ्यूज ओढून काढला आणि माझ्यासमोर सीटवर ठेवला. निळा होता. मी तो परत बसवला. त्यांनी पुन्हा काढला.

"अहो, किती त्रास द्याल," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

तिसऱ्यांदा बसवला तेव्हा त्यांनी काढला नाही. काठी घेतली आणि एकटेच लिफ्टकडे चालायला लागले. मी मागून गेले आणि मनात म्हटलं, रागाने का होईना, चालले तरी.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसला रजा टाकली. गाडी एकदा रस्त्यावर फिरवून आणावी म्हणून हे आणि मी सकाळी बाहेर पडलो. बऱ्याच महिन्यांनी हे आवाराच्या बाहेर, तेही त्यांच्या गाडीतून. मी मुद्दाम सावकाश चालवत होते. भाईंदरच्या दिशेने जाताना रस्त्यावर खोदकाम चालू होतं आणि काचेवर धुळीचा थर बसला. कडेला थांबून मी बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं, आत बसून वायपर लावला. तो निम्म्यावर जाऊन अडकला. मी बटण बंद करून पुन्हा लावलं. जरा वेळ चालूच ठेवलं, म्हणजे जोर लावून सुटेल.

आधी वास आला. प्लॅस्टिक तव्यावर पडल्यासारखा. मी खिडकीबाहेर बघितलं, रस्त्यावर काही जळतंय का. तोवर ह्यांनी डावा हात लांब करून किल्ली फिरवून बंद केली होती. पण धूर थांबला नाही. डॅशबोर्डच्या खालून तो माझ्या गुडघ्यांवर यायला लागला, दाट आणि पिवळट.

मी उतरून पलीकडे धावले. ह्यांनी दार उघडलं होतं, पण उजवा पाय आत अडकला होता. मी दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाहेर काढला. त्या क्षणी तो मला लाकडाच्या ओंडक्याएवढा जड लागला. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घातली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार उपटून काढली. "बैठो आंटी, अंकल को बिठाओ पहले," असं म्हणत त्याने ह्यांना आपल्या रिक्षात बसवलं. ह्यांच्या पँटला राख लागली होती. बाकी कुणाला काही झालं नाही.

गाडी ओढून नवघरला नेली. इलेक्ट्रिशियन लग्नाहून परत आलेले होते. पाच-सहा दिवस झाले होते येऊन. मी फोन केला नव्हता, कारण माझ्या यादीत त्या ओळीवर टिक झालेली होती.

त्यांनी डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. मग आतून वायरींचा जुडगा ओढून दाखवला. तो जुडगा राहिलाच नव्हता, काळा गोळा झाला होता.

"ताई, यो वायर आठ अँपिअरचा. त्याच्यावर पंचीसचा फ्यूज. वायपर आतून जाम हाय, त्यानी करंट खेचला. पांढरा असता तर लगेच उडला असता. निळा न्हाय उडला. मंग वायर जलली, आनि तिनी बाकीच्या सगल्या जालल्या."

"पण आधीही निळेच होते. मी बघून लिहिले."

"व्हते ना. पन क्लिपा गंजलेल्या. तिथून करंट पुरा जाईतच नव्हता. तुम्ही घासून चकाचक केल्या, मंग सगला गेला."

मी तरीही विचारलं, मग मुळात निळे आले कुठून.

"साहेबांनी टाकलेले. क्लिपा तापायच्या, पांढरा फ्यूज टिकत नव्हता, रस्त्यात गाडी बंद पडायची. बोलले, घरी पोचायला सध्या निळा टाकतो, सवड झाली का क्लिपा बदलू नि सगले फ्यूज होते तसे करू. मी दोनदा आठवन केली. मंग त्यांचा असा झाला." ते ह्यांच्याकडे वळले. हे दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसले होते. "काय साहेब? बोललू व्हतो ना?"

ह्यांनी होकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. मी वही पर्समध्ये ठेवली होती, ती काढून बघायची गरज नव्हती. कोणत्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं ते मला पाठ होतं.

त्यांना मला एवढंच सांगायचं होतं की हे चुकीचे आहेत, मीच चुकीचे घातलेत, ते तसेच घालू नकोस. त्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो मी दीड वर्षं जेवणाच्या ताटावर आणि गोळ्यांवर ऐकून ऐकून झटकून टाकायला शिकले होते.

"सगला वायरिंग नवा लागंल," इलेक्ट्रिशियन म्हणाले. "या गाडीचा तयार भेटत न्हाय. हातानी बनवावा लागंल. दीड-दोन महिने. नि मीटर, स्विच पन गेलंत, ते भंगारात शोधावं लागतील." टॉर्च बंद करून ते म्हणाले, "धा दिस थांबल्या असत्या तर मीच आलू असतो ना, ताई." बोलण्यात टोमणा नव्हता.

तपासणीची तारीख गेली. एक तारखेला बारा दिवस उरले होते. सेक्रेटरींकडे जाऊन मुदत मागितली. ते म्हणाले, "भाभी, गाडीला आग लागली हे सगळ्यांना कळलंय. आता आवारात उभी करायलाच लोक घाबरतायत. तुम्ही सांगा, मी काय करू?" त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. नवघरच्या दुकानापुढे गल्लीत ती दोन महिने उभी करायला जागा नव्हती. बाहेर कुठे जागा मिळेल म्हणून मी आठ ठिकाणी विचारलं. जळलेली, कागद संपलेली गाडी कुणालाच नको होती.

शेवटी भंगारात द्यायचं मीच ठरवलं. ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, मुद्द्यांप्रमाणे, ऑफिसात सांगते तसं. त्यांनी ऐकून घेतलं. कागदावर डाव्या हाताने सही केली, ती सही मला ओळखू आली नाही. त्यांना माझा राग आला आहे का, हे विचारायचं माझ्या मनात रोज येत होतं. पण तीन-चार शब्दांत ज्याचं उत्तर देता येईल असा प्रश्न मला तयार करता आला नाही.

गाडी रिकामी करायला आम्ही नवघरला गेलो. निघालं ते असं: तुटकी छत्री, आमच्या लेकीच्या लहानपणीची एक चप्पल, दोन नकाशे, हवा मोजायचं यंत्र, मुखवास चिकटलेली डबी. हवा मोजायचं यंत्र ह्यांनी आधी हातात घेतलं, खिशात घालायला गेले, मग इलेक्ट्रिशियनच्या हातात दिलं. ते नको म्हणत होते, तरी दिलं. ट्रक आला, गाडीला साखळी लावली. मागचं चाक फिरेना म्हणून तिला घासतच वर ओढली. मी ह्यांचा दंड धरून उभी होते. तो दंड शेवटपर्यंत सैल होता.

घरी आलो त्या संध्याकाळी पाचला ते उठले नाहीत. मी म्हटलं, आज दमले असतील. दुसऱ्या दिवशीही उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी काठी त्यांच्या हाताशी आणून ठेवली आणि म्हटलं, "चला, खाली एक चक्कर मारून येऊ. लिफ्टपासून गेटपर्यंत."

त्यांनी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कशाला?" ते म्हणाले.

झटक्यानंतरचा हा त्यांचा पहिला नवा शब्द होता, आणि तो स्वच्छ उच्चारला होता. फिजिओच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ती खूश झाली, म्हणाली, काकू, हे फार चांगलं लक्षण आहे. ती गेल्यावर मी दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्ची ठेवली. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत अकरा पावलं आहेत. त्या दिवशी ते पाच चालले आणि खुर्चीत बसले. लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, आत कुणीच नव्हतं. आम्ही दोघं ती परत खाली जाईपर्यंत बघत राहिलो.